उभा सोफा

पेणपासून रोह्यापर्यंत माणसाला बसता येईल अशा जेवढ्या म्हणून वस्तू होत्या, त्या सगळ्यांना माझ्या आतेसासूबाईंनी एकदा तरी नावं ठेवलेली होती. यात एसटीचे बाक आले, दवाखान्यांतली स्टुलं आली, लग्नाच्या हॉलमधल्या नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या आल्या आणि पेणच्या एका बड्या वकिलांची फिरती खुर्चीसुद्धा आली. त्या खुर्चीवर त्या कधी आणि कशा बसल्या हे मला कुणी सांगू शकलं नाही. पण "वरून मखमल, आत भुसा" हा त्यांनी दिलेला निकाल रिक्षा स्टँडवर सगळ्यांना तोंडपाठ होता, आणि त्यानंतर बरेच दिवस वकीलसाहेब अशिलांशी उभ्यानेच बोलत असत, असंही ऐकलं.

त्या माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या आत्या. रिक्षा स्टँडच्या मागच्या बाजूला त्यांचं सीटचं दुकान होतं. रिक्षाची सीट, स्कूटरची सीट, सोफा, दिवाण, जे जे म्हणून दाबलं की दबतं ते ते सगळं तिथे होई. दुकान मुळात त्यांच्या यजमानांचं. ते गेले तेव्हा एक रिक्षाची सीट अर्धवट शिवलेली मशीनवर होती. दिवसकार्य उरकल्यावर आत्यांनी ती पुरी करून दिली, कारण रिक्षावाला पाटावर बसून रिक्षा चालवत होता आणि ते त्यांना बघवेना. मग दुसरा आला, त्याचीही करून दिली. अशा रीतीने, दुकान चालवायचं असं एकदाही न ठरवता त्यांनी ते वीस-बावीस वर्षं चालवलं. माझा नवरा त्यांना आत्या म्हणे, म्हणून मीही आत्या म्हणू लागले. रिक्षावाले म्हणत, पोस्टमन म्हणे, आणि पुढे माझी मुलगीसुद्धा, नात्याने त्या आजी लागत असूनही, आत्याच म्हणू लागली.

फोमच्या त्यांच्या लेखी तीनच जाती होत्या: जागा, झोपलेला आणि मेलेला. कोणता फोम कोणत्या जातीचा हे ठरवण्याची त्यांची रीत होती. आधी मुठीने दाबायचं, मग कोपराने, आणि मग डोळे मिटून स्वतः बसायचं. बसल्यावर त्या इतक्या स्तब्ध होत की अनोळखी माणसाला वाटावं, बाईंना काहीतरी झालं. मला बघायला आल्या तेव्हा नेमकं तेच झालं. बाकीची मंडळी माझ्याकडे बघत होती आणि या पोह्यांची बशी हातात धरून, डोळे मिटून, आमच्या नागोठण्याच्या घरातल्या सोफ्यावर बसल्या होत्या. माझ्या वडिलांनी घाबरून पाणी मागवलं. आत्यांनी डोळे उघडले आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाल्या, "सोफा मेलाय. पण तो झाकायला यांनी वर चादर नाय टाकली. घर सरळ हाय. पोरगी करून घ्या." माझं लग्न असं ठरलं. माझ्याबद्दल त्यांनी काही विचारलंच नाही, याचं मला पुष्कळ दिवस वाईट वाटत होतं.

प्रवासात त्यांच्या पिशवीत दाभण, सुतळी आणि रेक्झिनचा एक तुकडा असायचाच. एकदा आम्ही दोघी पेणहून रोह्याला एसटीने येत होतो. पुढच्या सीटचं रेक्झिन फाटून आतला काथ्या बाहेर आला होता. वडखळ सुटल्यावर त्यांनी तिथे बसलेल्या गृहस्थांना उठवून माझ्या शेजारी बसवलं आणि सीट शिवायला घेतली. कंडक्टर आला. म्हणाला, "आजी, हे काय चाललंय? सरकारी मालमत्ता हाय ही."

"व्हय, फाटल्यावरनंच ओळखली," आत्या वर न बघता म्हणाल्या. "तू तिकिटं फाड. मी शिवते."

नागोठण्याला त्या गृहस्थांना उतरायचं होतं. पण सीट पुरी झाल्यावर ते तिच्यावर जाऊन बसले आणि रोह्यापर्यंत आले. पुढचं तिकीट त्यांनी आनंदाने काढलं.

माणसांचंही त्या बसण्यावरूनच ठरवत. पुढे सरकून बसणारा माणूस घाबरट किंवा उधारी मागायला आलेला, मागे रेलणारा खोटं बोलत नाही कारण त्याला तेवढ्याचाही कंटाळा असतो, आणि जो एक पाय दुमडून बसतो त्याच्या घरात आईचं चालतं. माझ्या नवऱ्याविषयी मी एकदा विचारलं. त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि "झोपलाय" एवढंच म्हणाल्या. तो त्या वेळी जेवत होता.

आम्ही रोह्याला राहत होतो. नवरा धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला होता आणि आमचं घर दोन खोल्यांचं होतं: एकीत स्वयंपाक आणि दुसरीत उरलेलं सगळं आयुष्य. मी लग्नाआधीपासून एका शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट होते. ती नोकरी मी आमची मुलगी जुई अडीच वर्षांची असताना सोडली, कारण जुईला सांभाळायला कुणी तयार होईना. दोन बायका ठेवून बघितल्या. एक तीन दिवस टिकली, दुसरी दुपारीच गेली.

जुईला आवाज सहन होत नसे. कुकरची शिट्टी झाली की ती कान दाबून किंचाळायची, आणि मग ते किंचाळणं पाऊणपाऊण तास थांबायचं नाही; दीड वर्ष आमच्याकडे भात पातेल्यात शिजत होता. कंपनीच्या भोंग्याची वेळ जवळ आली की मी खिडक्या लावून बसायची. नवीन फ्रॉक ती अंगाला लावू देत नसे. मानेपाशी शिवलेलं कापडाचं इवलंसं लेबल तिला सुईसारखं टोचे, हे मला समजायलाच वर्ष गेलं. सगळ्यांत कठीण म्हणजे तिला जवळ घेता येत नसे. कुणी उचललं की ती लाकडासारखी ताठ व्हायची. आणि स्वतः मात्र दिवसातून दहा वेळा लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत घुसून बसायची. गुडघे पोटाशी, गाल थंड पत्र्याला टेकलेला. तिथून तिला ओढून काढलं की परत रडारड.

डॉक्टर म्हणाले, मोठी झाली की होईल नीट. शेजारच्या काकू म्हणाल्या, दृष्ट लागलीय. नणंद म्हणाली, वहिनीने लाडावून ठेवलीय. एका बाईंनी मला जिन्यात गाठून, मी गरोदरपणात काय काय खाल्लं होतं ते विचारलं, आणि मी वेड्यासारखी आठवून आठवून सांगत बसले. चौथ्या वर्षी तिला बालवाडीत घातलं, तर चार दिवसांत परत पाठवली. बालवाडीच्या बाई वाईट नव्हत्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. म्हणाल्या, "ताई, एका खोलीत चाळीस मुलं आहेत. कुणाचा हात लागला की ही चावते. मी काय करू, तुम्हीच सांगा."  मी तिला घेऊन घरी आले आणि दार लावून घेतलं.

अशा दिवसांत आत्या दोन दिवसांसाठी राहायला आल्या. आल्या आल्या त्यांनी आमच्या दिवाणाला मेलेला ठरवला आणि चहा मागितला. तेवढ्यात खाली रस्त्यात कुणीतरी टेम्पोचा हॉर्न दाबून धरला आणि जुई फटीत पळाली. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून मी तिला ओढायला गेले, तर आत्या म्हणाल्या, "ओढू नको गो तिला. बसलीय ना ती?"

"बसलीय कुठे आत्या, अडकलीय."

"अडकलेलं माणूस असं नाय दिसत."

त्या जमिनीवर फतकल मारून फटीसमोर बसल्या. जुईकडे त्यांनी बघितलं नाही, बोलल्या नाहीत, हात पुढे केला नाही. चहा तिथेच प्यायल्या. जुई बाहेर आल्यावर त्यांनी पिशवीतून टेप काढून फट मोजली. नऊ इंच. मग आपला हात खांद्यापर्यंत त्या फटीत घालून, डोळे मिटून, बराच वेळ तशाच राहिल्या. माझा नवरा शिफ्टहून आला तो हे बघून दारातच थांबला.

"आत्या, काय करतेस?"

"गप र्‍हा."

मग हात काढून त्या मला म्हणाल्या, "तिला दाब पायजे. पण माणसाचा नको. माणूस दाबताना हलतो, बोलतो, त्याला घामाचा वास येतो. कपाट गप उभं र्‍हातं. आपल्याला बूड टेकलं की बरं वाटतं, हिला बाजू टेकल्या की बरं वाटतं. हिचा सोफा उभा पायजे, एवढंच हाय."

त्या हे इतक्या सहज म्हणाल्या की मी आधी हो म्हणून कणीक मळायला गेले. आणि मग कणकेत हात तसेच ठेवून रडले. जुईला काय झालंय हे मला चार वर्षं सगळे सांगत होते. तिला काय हवंय हे पहिल्यांदा कुणीतरी बोललं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन दिवस पुरे न करताच आत्या पेणला गेल्या आणि आठवड्याने फोमचे दोन मोठे ठोकळे एसटीच्या टपावर बांधून निघाल्या. त्यातला एक वडखळच्या पुढे दोरीतून सुटला आणि वाऱ्यावर उडून एका मिठागराच्या पाण्यात जाऊन पडला. आत्यांनी बस थांबवली. मिठागरातल्या बायका कामं टाकून कडेला जमल्या होत्या आणि त्यातली एक ओरडून सांगत होती, "गो बाय, तुझी गादी पवतेय!" चौघींनी मिळून तो ओढून काढला. आत्यांनी तो पेणला परत नेला, गोड्या पाण्याने तीनदा धुतला, गच्चीवर वाळवला आणि शेवटी मुठीने दाबून म्हणाल्या, "मेला. मिठाने मेला." मग त्याच्या बदली नवा ठोकळा कापला.

पहिला उभा सोफा आमच्या घरी आला तो लाल रेक्झिनचा. कमरेएवढ्या उंचीच्या दोन जाड भिंती, खाली एक पट्टी, मध्ये नऊ इंचांची फट. पेणमध्ये तसं काम दुसऱ्या कुणी केलं नसतं. जुई जवळ आली, तळहात टेकवला, काढला. रेक्झिन हाताला चिकटलं आणि सुटताना चर्र असा आवाज झाला. ती किंचाळली आणि कपाटामागे गेली.

मला वाटलं, आत्यांना राग येईल. त्यांच्या कामाला नाव ठेवायची पेणमध्ये कुणाची छाती नव्हती. त्यांनी स्वतः तळहात टेकवला, काढला, चर्र ऐकलं आणि म्हणाल्या, "बरोबर हाय तिचं." तिथल्या तिथे त्यांनी रेक्झिन उसवलं. पुढच्या खेपेला सुती कापड आलं, तर जुईने नाक दाबलं. फोमचे तुकडे जोडायला वापरलेल्या सोल्युशनचा वास तिला लागत होता. आम्हाला कुणालाही तो येत नव्हता. आत्यांनी नाक खुपसून पाच मिनिटं हुंगलं आणि "येतोय" म्हणून कबूल केलं. तिसऱ्या खेपेला सोल्युशन नव्हतं, सगळं दाभणाने टाचलेलं होतं. जुई आत शिरली. आम्ही श्वास रोखला. तिने आतल्या शिवणीवरून एक बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं आणि बाहेर आली.

"शिवण," आत्या म्हणाल्या. "बाहेरच्या अंगाला घ्यायला पायजे होती. एवढं मला कळू नये?"

जाताना गाडीत बसेपर्यंत त्या खुशीत होत्या. मला म्हणाल्या, "गिऱ्हाईक असावं तर असं. पेणची माणसं तोंडावर छान छान म्हणतात आणि घरी जाऊन बोटं मोडतात. पंधरा वर्षांत एकानं मला शिवण दाखवली नाय."

चौथा उभा सोफा त्यांच्या स्वतःच्या जुन्या लुगड्यांचा होता. धुऊन धुऊन साईसारखं मऊ झालेलं कापड, कुठलाच रंग नीट शिल्लक नाही, शिवणी सगळ्या बाहेरून. जुईने हात लावला. आत गेली. उभी राहिली. मग हळूच खाली बसली, गुडघे जवळ घेतले आणि दोन्ही भिंतींनी तिला दोन्हीकडून धरलं. शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी झाली. मी धावणारच होते, पण आत्यांनी माझं मनगट पकडलं. जुईने डोळे घट्ट मिटले, खांदे वर घेतले, आणि ते खांदे पुन्हा खाली आले. ती किंचाळली नाही. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. काकूंकडे त्या दिवशी राजमा असावा. आम्ही तिघं मोठी माणसं भिंतीला चिकटून उभी होतो आणि कुणीच कुणाकडे बघत नव्हतो.

दोन खोल्यांच्या घरात अशी वस्तू ठेवायची म्हणजे तिने दुसरंही काही काम करायला हवं. आत्यांनी तोही विचार केला होता. भिंती सुट्या करून जमिनीवर टाकल्या की माणूस झोपेल एवढी गादी व्हायची, आणि रात्रपाळी करून आलेला माझा नवरा दुपारी त्यावर झोपायचा. एकदा मी बाजारातून आले तर भिंती उभ्याच होत्या आणि तो त्यांच्यामध्ये आडवा, पाय बाहेर काढून, तोंड उघडं टाकून पडला होता. विचारलं तर म्हणाला, "मी नुसतं बघत होतो, कसं वाटतं ते." तीन तास बघत होता.

मग आत्यांना थांबवणं कठीण झालं. एक उतार आला, त्यावरून घरंगळायचं. एक गोल लोडासारखी लोळण आली. एक होडी आली, जिच्यात बसलं की ती स्वतःच डोलायची. सगळं एकावर एक रचलं की दिवाणाच्या जागी मावे. मेलेला दिवाण आत्यांनी आमच्याकडून केव्हाच काढून टाकायला लावला होता. कोपरा कशालाच नव्हता. "कोपरा सुताराच्या सोयीसाठी असतो, पोरांच्या नाय," असं त्यांचं मत होतं. बिल्डिंगमधली मुलं दुपारी उतारावर यायला लागली. जुई त्यांना येऊ द्यायची, फक्त आवाज करायचा नाही आणि तिच्या फटीत शिरायचं नाही. हे तिने कुणाला बोलून सांगितलं नव्हतं. पण सगळ्यांना कळलेलं होतं.

आणि मग आत्या म्हणाल्या, "आता शाळा."

मी नको म्हटलं. जिथून एकदा परत आलो त्या दारात पुन्हा जायचं माझ्यात बळ नव्हतं. त्या ऐकेनात. बालवाडीत जाऊन त्या आधी मुलांच्या बाकावर बसल्या, डोळे मिटले, उघडले आणि बाईंना म्हणाल्या, "बाई, तुमच्या खोलीला कोपरे किती?"

"कोपरे? चार."

"एक मला द्या."

बाई म्हणाल्या, "आजी, एकीला असं दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल."

"मग देऊ की."

बाईंनी कोपरा दिला आणि घरचा उभा सोफा तिथे गेला. पहिल्याच दिवशी मुलांना वाटलं की हे खेळायलाच आणलंय. सहा जणं एकदम फटीत घुसली. जुईची जागाच उरली नाही. तिने समोर आलेल्या पहिल्या मुलाच्या दंडाला चावा घेतला, रक्त आलं, त्या मुलाची आई आली, आणि दुपारी जुई आणि उभा सोफा दोघांनाही हातगाडीवरून घरी पाठवण्यात आलं. माझ्या नवऱ्याने भिंती जागेवर ठेवल्या. मी आत्यांना निरोप पाठवला की झालं तेवढं पुरे, आता तिला मी घरीच ठेवणार.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्या हजर. चपलासुद्धा न काढता उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "चूक माझी. मी पोरगी मापली, खोली मापली. पोरं मापलीच नायत."

त्या माणसाकडून चूक हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला नाही म्हणवेना, बाईंनाही म्हणवलं नाही, आणि उभा सोफा पुन्हा बालवाडीच्या कोपऱ्यात गेला.

त्यानंतर दीड आठवडा आत्या रोज सकाळच्या गाडीने पेणहून रोह्याला येत होत्या. त्यांनी फोमच्या चुऱ्याने भरलेलं एक भलंमोठं पोतं आणून मुलांपुढे टाकलं: हे तुमचं, यावर वाटेल तेवढ्या उड्या मारा. आणि स्वतः उभ्या सोफ्यापुढे जमिनीवर बसल्या. एक पोरगा फटीकडे बोट दाखवून म्हणाला, "तिला एकटीलाच का? मला पण पायजे."

आत्या म्हणाल्या, "त्या पोराला चष्मा हाय बघ. तू मागतोस का त्याचा चष्मा?"

पोरगा विचार करून म्हणाला, "नाय."

"का?"

"मला दिसतं."

"मग तसंच."

पोरगा पोत्याकडे गेला आणि तिथल्या बाकीच्यांना त्याने ही गोष्ट आपली म्हणून सांगितली.

त्या दिवसांत पेणचं दुकान बंद होतं हे मला नंतर कळलं. रिक्षावाले फाटक्या सीटवर गोणपाट टाकून धंदा करत होते. त्यातला एक कंपनीच्या माणसांना घेऊन धाटावला आला होता, त्याने माझ्या नवऱ्याला गाठून विचारलं, "आत्या आजारी हायत काय? दहा दिवस कुलूप हाय." नवऱ्याने घरी येऊन मला हे सांगितलं. आत्यांना विचारलं तर म्हणाल्या, "रिक्षावाल्यांची बुडं घट्ट असतात. दहा दिवसांनी काय होत नाय."

आठवडा उलटल्यावर एके दिवशी मी न्यायला गेले, तर खाऊची सुट्टी चालली होती. जुई डबा घेऊन फटीच्या बाहेर बसली होती. शेजारी वीतभर अंतर सोडून एक मुलगी बसली होती आणि दोघी आपापल्या डब्यातलं खात होत्या. जुईने त्या मुलीकडे बघितलं नाही. पण उठलीही नाही. मी आत्यांना शोधलं, तर त्या दारात उभ्या राहून मला गप्प राहायची खूण करत होत्या. उभा सोफा मात्र रिकामा नव्हता. त्यात बालवाडीच्या बाई, चाळीस मुलांच्या बाई, पदर सावरून, डोळे मिटून बसल्या होत्या.

"बसू दे," आत्या कुजबुजल्या. "त्यांना पण कुणी विचारलं नसंल."

नंतर बाई उठल्या, जरा लाजल्या आणि म्हणाल्या, "आजी, उद्यापासून तुम्ही नाही आलात तरी चालेल. मी बघते." आत्यांनी मान डोलावली. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले. गाडी यायला वेळ होता. प्लॅटफॉर्मवरच्या बाकाला नाव ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

जुई बरी झाली असं मी म्हणणार नाही, कारण ती आजारी नव्हती. ती शाळेत गेली, पहिली झाली, दुसरी झाली. लेबलं अजून कापावी लागतात. भोंग्याच्या वेळा तिला पाठ झाल्या आहेत, त्यामुळे ती आता त्याच्या आधीच तयार असते. चार वर्षांत, बालवाडीतून परत घरी आलेल्या उभ्या सोफ्याच्या भिंती खचल्या आणि जुईही त्यात मावेनाशी झाली. आत्या आल्या, मुठीने दाबलं, कोपराने दाबलं आणि "मेला" म्हणाल्या. जुईने विचारलं, "आता?" तर म्हणाल्या, "आता तू मोठी हायस. कुठं बसायचं ते तूच बघ." फोम त्या स्वतःच घेऊन गेल्या. त्याचं काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही.

पुढे त्यांच्या बोटांत जोर राहिला नाही. दाभण आत जाई पण बाहेर ओढता येत नसे. तरी दुकान उघडून त्या बसत. गिऱ्हाईक आलं तर त्याची सीट दाबून निकाल देत आणि पुढच्या गल्लीतल्या माणसाकडे पाठवत. एका हिवाळ्यात खोकल्याचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. आम्ही पेणला गेलो तेव्हा इतकी माणसं जमली होती की बसायला जागा नव्हती. सगळे उभे होते.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी मला कामासाठी पेणला जावं लागलं. येताना मुद्दाम स्टँडच्या मागून आले. घरी पोचले तर जुई अभ्यास करत होती. दहा वर्षांची झाली होती. मान वर न करता तिने विचारलं, "आत्याच्या दुकानात आता काय आहे?"

"एसटीडी बूथ झालाय."

"तिथे माणूस बसतो?"

"बसतो ना."

"कशावर?"

"प्लास्टिकच्या खुर्चीवर," मी म्हटलं.

जुईने पेन्सिल खाली ठेवली.  मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाली,

"आत्याला सांगू नकोस."

"नाही सांगत," मी म्हटलं.